बाई हात मागे बांधून उभ्या राहायच्या

बाईंनी मला उभं केलं, चालवलं, जिने चढवले, पण कधी हात दिला नाही. मी भिंतीला धरून झोकांड्या खात असायचो आणि त्या माझ्यापासून हातभर अंतरावर, दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या उभ्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई भलतीच गर्विष्ठ आहे. बायकोला वाटलं, हिला काही येत नाही. आमच्या कुळगावच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी तर आठवड्याभरात त्यांचं नाव ‘उठाबशावाल्या बाई’ ठेवून टाकलं, कारण आमच्या दाराआडून तासभर एकच आवाज ऐकू यायचा, “उठा. बसा. परत उठा.”

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि अंबरनाथच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. एका सकाळी दाढी करताना हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला. उचलायला गेलो, तर हात गेलाच नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली आणि शरीराची उजवी बाजू गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. जीभही अडखळत होती, ती वीसेक दिवसांत ताळ्यावर आली. घरातल्या सगळ्यांना त्याचा सारखाच आनंद झाला असं मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण बोलायला लागल्यापासून मी फक्त चिडत होतो. माझा सगळा तोरा उजव्या हातात होता. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, प्रमाणपत्रांवरची नावं, निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं, सगळं माझ्या हातचं. मला तो हात परत हवा होता. बाकी काही नको होतं.

बाई फिजिओथेरपिस्ट होत्या. राहायला अंबरनाथला, दवाखाना उल्हासनगरच्या कॅम्पात, आणि पेशंट पार सोनिवली-वांगणीपर्यंत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या पंजाबी ड्रेसवर स्वेटर घातल्यासारखी घट्ट ओढणी बांधलेल्या. स्कूटीच्या डिकीत जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, एक जुना टॉवेल आणि रबराची हातोडी. फोन आला की “जयभीम, बोला” म्हणायच्या आणि पुढच्या पाच शब्दांत फोन बंद करायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी ती हातोडी काढली. मला खुर्चीत बसवून डाव्या गुडघ्याखाली हलकेच मारली, पाय जरासा हलला. मग उजव्या गुडघ्याखाली मारली, तर पाय असा उडाला की समोरच्या टीपॉयवरचा पाण्याचा पेला खाली. बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. “अहो, बघा, केवढा जोर आहे!”

“ताई, हा जोर नाहीये,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्ही वर्गातून बाहेर गेलात की पोरं काय करतात?”

“गोंधळ घालतात.”

“तेच झालंय. हातोडी बसली की पाय उडवायचा, हे काम पाठीचा कणा परस्पर उरकतो. वर मेंदूला विचारत बसत नाही. पण मेंदूचं वरून लक्ष असतं, तो म्हणत असतो, हळू, पुरे. तुमच्या उजवीकडे सध्या पुरे म्हणणारं कुणी नाही.”

बावीस वर्षं मी वर्गात उदाहरणं देत आलो होतो. मलाच उदाहरण म्हणून वापरलेलं पहिल्यांदा ऐकत होतो, आणि चांगलं उदाहरण ओळखू येण्याइतका मेंदू माझा शाबूत होता. तरी मी फणकाऱ्याने म्हणालो, “पायाचं राहू द्या. हाताचं बघा.”

“हात मागाहून. आधी संडासाला एकटे जाल,” बाई म्हणाल्या. बायकोसमोर, साळ्यासमोर, सरळ. तोवर मला बायको आणि साळा दोन्हीकडून धरून न्यायचे आणि दार उघडं ठेवून तोंड फिरवून उभे राहायचे. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. बाईंनी तो पहिल्या पंधरा मिनिटांत काढला.

माझ्या साळ्याने मोठ्या हौसेने रबराचा एक पिवळा चेंडू आणला होता, हसऱ्या तोंडाचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही सल्ला दिलेला, की चेंडू दाबा, हाताला ताकद येईल. मी दिवसभर डाव्या हाताने तो उजव्या मुठीत कोंबून बसलेला असायचो. बाईंनी माझं एकेक बोट सोडवून तो चेंडू काढला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. “मूठ मिटायला शिकवावी लागत नाही, सर. तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवा, मिटतंच ते. तुमचा हात आधीच मिटायला टपलाय. तुम्हाला सोडायचं कसं ते शिकायचंय.” साळा आठवडाभर आमच्याकडे फिरकला नाही.

दीड महिना झाला असेल. एके सकाळी चहाची वाट बघत असताना मला मोठी जांभई आली आणि माझा उजवा हात, जो दीड महिना मांडीवर नुसता ठेवलेला होता, तो आपला आपण छातीपर्यंत वर आला. जांभई संपली, हात खाली आला. बायको स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होती. तिने कप तसाच खाली ठेवला. थोड्या वेळाने परत जांभई आली, हात परत वर. मग काय विचारता! अर्ध्या तासात ती कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेऊन आली आणि चौदाच्या चौदा बिऱ्हाडांत वाटून आली.

लोक बघायला आले. “सर, एकदा करून दाखवा ना,” सगळे मागे लागले. आता जांभई काही मागितल्यावर येत नाही. तेव्हा समोरच्या काकूंनी शक्कल लढवली. त्या माझ्यासमोर बसल्या आणि स्वतः जांभई देऊ लागल्या. त्यांची बघून त्यांच्या मिस्टरांना आली, त्यांची बघून आणखी कुणाला. पाच मिनिटांत आमच्या हॉलमध्ये अकरा माणसं तोंडं वासून जांभया देत होती, आणि शेवटी मलाही आली. हात वर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी इतका खूश होतो की मनातल्या मनात पुढच्या सोमवारी फळ्यावर कोणता सुविचार लिहायचा हेही ठरवून टाकलं.

अकरा वाजता बाई आल्या. बायकोने त्यांच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी सगळी हकीकत उभ्या उभ्या ऐकून घेतली, पेढा पूर्ण खाल्ला, पाणी प्यायल्या. मग माझ्यासमोर आल्या. “सर, आता जांभई न देता उचला.”

मी उचलायला गेलो. कपाळावरच्या शिरा ताठल्या, दात-ओठ खाल्ले, डावा खांदा वर गेला, मान वाकडी झाली. हात होता तिथेच. हॉलमधली माणसं एकेक करून चपला घालायला लागली.

“जांभईचा रस्ता वेगळा आहे,” बाई म्हणाल्या. “ती मेंदूच्या खालच्या, जुन्या भागातून येते, तुमची परवानगी घेत नाही. तिथून हातापर्यंत निरोप जातोय. याचा अर्थ स्नायू बरे आहेत, खांदा बरा आहे. पण तुम्ही स्वतः हुकूम सोडता तो रस्ता तुटलाय. तो अजून जुळलेला नाही.”

“कधी जुळेल?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही तर येता कशाला? चालत्या व्हा इथून!” मी ओरडलो. आणखीही काही बोललो, ते लिहायची आज लाज वाटते. बाईंनी टॉवेलाची घडी घातली, हातोडी पिशवीत ठेवली. दारात बायकोला म्हणाल्या, “पेढा मस्त होता, ताई.” बायकोने नंतर मला सांगितलं, की त्या खालच्या जिन्यावर बराच वेळ बसून होत्या, डोकं कठड्याला टेकून. दुसऱ्या दिवशी ठीक अकरा वाजता बेल वाजली. बाई आत आल्या, चप्पल काढली आणि म्हणाल्या, “उठा.”

मी उठलो. दुसरं काय करणार होतो?

पलंगापासून संडासाच्या दारापर्यंत अकरा पावलं होती. निरोगी माणसाची सहा. आणखी महिन्याभराने बाईंनी फर्मान काढलं, की आज सर एकटे जातील. बायकोला सांगितलं, “ताई, तुम्ही माझ्यासारख्या उभ्या राहा. हात मागे.” उजवा पाय उचलताना पंजा खाली लोंबायचा आणि अंगठा फरशीत अडकायचा. आठव्या पावलाला तो अडकला, मी भिंतीकडे कललो. बायको पुढे झेपावली. “नाही, ताई!” बाई जागच्या हलल्या नाहीत. मी भिंतीला गाल लावून किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग कंबर आत घेतली, वजन डाव्या पायावर टाकलं, गुडघा उचलला आणि अंगठा सुटला. उरलेली तीन पावलं झाली. आत गेलो आणि डाव्या हाताने आतून कडी लावली. कडी लावण्यात एवढं सुख असतं हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. मी तिथेच बसून हमसून हमसून रडलो. बाहेरून बाईंचा आवाज आला, “सर, रडून झालं की पाणी नीट टाका.”

मी आत होतो तेव्हा बायकोने बाईंच्या पाठीमागे बांधलेल्या हातांकडे पाहिलं होतं. एका हाताने दुसरं मनगट एवढं घट्ट धरलेलं, की बोटांचे वळ उठले होते. बायकोने चहा करता करता त्यांना सरळ विचारलंच, “मॅडम, तुम्हाला धरावंसं वाटत नाही का हो?”

“रोज वाटतं,” बाई म्हणाल्या. मग सांगितलं. त्या बारा वर्षांच्या असताना त्यांच्या आईला असाच झटका आला होता. वडील अंबरनाथच्या कारखान्यात. घरात मावश्या, आत्या, आम्ही बहिणी. “आम्ही आईला खूप जपलं. मीच भरवायचे तिला, वेणी घालायचे, कूस बदलायचे. चमचा तिच्या हातात कधी येऊच दिला नाही. नऊ वर्षं ती पलंगावर होती. पुढे कॉलेजात हे सगळं शिकायला लागले तेव्हा कळलं, की ती दोन-तीन महिन्यांत बसली असती, कदाचित चाललीही असती. मेंदूला काम दिलं नाही की तो ते काम सोडून देतो. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला प्रेमाने झोपवून ठेवलं.” एवढं बोलून त्यांनी चहा संपवला आणि घड्याळ पाहिलं. सोनिवलीच्या पेशंटची वेळ झाली होती. त्या दिवसानंतर मी बाईंवर आवाज चढवला नाही. चिडलो पुष्कळ, पण ते स्वतःवर.

मग मीच रिक्षा करून त्यांच्या उल्हासनगरच्या दवाखान्यात जाऊ लागलो. तिथे कापड दुकानवाले एक सिंधी दादा यायचे. त्यांना कंपवात होता. सपाट जमिनीवर चांगले चालायचे, पण दाराशी आले की पाय जमिनीला खिळायचे. “बेटी, पैर चिपक गया,” म्हणत उंबऱ्यापाशी पंधरा-पंधरा मिनिटं उभे. बाईंनी जमिनीवर लाल चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावले, एकेका पावलावर एक. “दादा, पट्टी ओलांडायची. हलो, हलो!” म्हणजे सिंधीत चला, चला. आणि दादा चक्क एकेक पट्टी ओलांडत दारातून बाहेर! मी थक्क होऊन विचारलं, तर म्हणाल्या, “चालायची सवय मेंदूच्या ज्या कोपऱ्यात असते तो त्यांचा थकलाय. मुद्दाम पाऊल टाकायचं म्हटलं, की दुसरा कोपरा मदतीला येतो. मी फक्त त्या दुसऱ्याला हाक मारली.” दादांनी मग दुकानभर पट्ट्या लावून घेतल्या. गिऱ्हाइकंही काही न विचारता त्या ओलांडत आत येतात, असं दादा मोठ्या अभिमानाने सांगायचे.

वर्ष होत आलं. मी काठीशिवाय चालत होतो, जिना चढत होतो. खांदा हलत होता, कोपर वाकत होतं. बोटं मात्र गप्प. एक दिवस मी विचारलं, “बाई, आज काही आडपडदा ठेवू नका. हात येणार का?”

इतक्या महिन्यांत त्या माझ्यासमोर कधी बसल्या नव्हत्या. त्या दिवशी स्टूल ओढून बसल्या. “पिशवी अडकवायला, कागद दाबून धरायला हा हात कामाचा आहे. आणखी थोडा सुधारेलही. पण लिहिणारी बोटं येतील असं मला आता वाटत नाही. मी हो म्हटलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, सर. आणि तुम्ही दहा वर्षं त्या बोटांकडे बघत बसला असता.” मग म्हणाल्या, “रागवायचं तर रागवा. उद्याची वेळ तीच आहे.”

मी रागावलो नाही. घरी येताना रिक्षात खूप वाईट वाटत होतं, एवढं मात्र खरं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर पहिलीच्या पोरांची दुरेघी वही ठेवली आणि डाव्या हातात पेन्सिल दिली. मराठीच्या मास्तराला ‘अ’ काढायला चार दिवस लागले. काना आडवा जायचा, शिरोरेघ टेकडी चढायची. बाई वही तपासून चक्क लाल पेनने शेरा द्यायच्या, “ठीक. अजून सराव हवा.” जूनमध्ये मी शाळेत रुजू झालो. डाव्या हाताने फळ्यावर एक ओळ लिहायला मला पाच मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ अख्खा वर्ग माझ्या खडूकडे बघत होता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “सर, माझ्यापेक्षा चांगलंय.” वर्ग हसला, मीही हसलो.

त्यानंतर बाईंची गाठ क्वचित पडायची. गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी त्यांचा फोन आला. “सर, गुरुवारी माझ्याबरोबर याल का? उल्हासनगरच्या कॅम्प तीनला एक टेलर आहे, जीन्सच्या कारखान्यातला. तिशीचा असेल. उजवी बाजू गेलीये. पलंगावरून उठायलाच तयार नाही. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल.” मी येतो म्हणालो. त्यांनी पत्ता सांगितला आणि नेहमीसारखा फोन बंद केला.

बुधवारी सकाळी बाई गेल्या. घरीच छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अंबरनाथला त्यांच्या घरासमोर बुद्धवंदना चालू होती तेव्हा मी गर्दीत उभा होतो. शेजारी दादा होते, मुलाचा खांदा धरून. मला माझे वडील गेले तेव्हा आलं नव्हतं एवढं रडू आलं. ज्या बाईने वर्षभरात एकदाही गोड बोलून समजूत काढली नाही, तिच्यासाठी.

पुढच्या गुरुवारी मी एकटाच कॅम्प तीनला गेलो. टेलर तिसऱ्या मजल्यावर राहत होता, लिफ्ट नव्हती. दर मजल्यावर थांबत, कठडा डाव्या हाताला येईल अशा बेताने चढलो. दार त्याच्या आईने उघडलं. तो पलंगावर पडला होता, भिंतीकडे तोंड करून. मी स्टुलावर बसलो. बाईंनी पाठवलंय म्हणालो. बाई गेल्या, हेही सांगितलं.

तेव्हा तो वळला. माझा चेहरा, मग मांडीवरचा उजवा हात, सगळं नीट बघितलं. “सर, सच बोलना. तुमचा हात परत आला काय?”

त्याची आई त्याच्या उशाशी उभी होती. तिने मला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा. तिचा चेहरा बघून माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, की येतोय, हळूहळू येतोय. कुणाचं काय जाणार होतं? खोटं पकडायला बाईही नव्हत्या. ‘नाही’ एवढा एक शब्द उच्चारायला मला आयुष्यात कधी इतकं जड गेलं नव्हतं.

“नाही आला,” मी म्हणालो. “पण मी आलो. तीन मजले चढून.”

तो माझ्या पायांकडे बघत होता. आईने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, चुकलं आपलं, निघावं आता. तेवढ्यात त्याने डाव्या हाताने अंगावरची चादर बाजूला केली.

“मम्मी,” तो म्हणाला, “माझी चप्पल किधर आहे?”